झोपेच्या गोळीआधी दोन प्रश्न विचारा : गावोगावच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत दवाखाना चालवणारे सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

आम्ही मानसोपचारात काम करणारी मंडळी आहोत. आमच्यात डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, परिचारिका आणि समाजसेवा विभागातले लोकही आहेत. पत्र तुम्हाला आहे, पण तुमच्या दवाखान्याबाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्यांनीही ते वाचावे म्हणून उघड लिहिले आहे. त्यांना एवढीच विनंती, की हे वाचून स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी सुरू, बंद किंवा कमीजास्त करू नका.

डिप्रेशन आणि चिंतेच्या आजाराचे बहुतेक पेशंट आमच्यापर्यंत येतच नाहीत. ते तुमच्याकडे येतात आणि वर्षानुवर्षे येत राहतात. अंग मोडून येतं, डोकं जड राहतं, हातापायाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, गॅस वर चढतो, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. हिमोग्लोबिन बरे असते, साखर ठीक, ईसीजी सरळ. मग बी-१२ चे इंजेक्शन, एखादी सलाईन, पित्ताची गोळी आणि रात्रीसाठी अर्धी ‘झोपेची’. महिन्याने अर्धीची एक होते. केसपेपरवर ‘अशक्तपणा’ एवढेच लिहिलेले राहते.

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. त्यातल्या सामान्य आजारांचे, म्हणजे डिप्रेशन-चिंतेचे, सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराविना होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळे असेल असे मानायला आम्हाला काही आधार दिसत नाही.

साठ-सत्तर पेशंटच्या ओपीडीत तासभर बोलत बसा असे आम्ही म्हणणार नाही. दोन प्रश्नांना मिनिटभर लागते. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटलं का? आणि ज्यात आधी रस वाटायचा, मग ते शेत असो, नातवंडं असोत, भजन असो, त्यात मन लागेनासं झालंय का? प्रत्येक उत्तराला गुण द्या. अजिबात नाही असेल तर ०, काही दिवस असेल तर १, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर २, जवळजवळ रोज असेल तर ३. बेरीज ३ किंवा वर गेली की पीएचक्यू-९ चे, म्हणजे डिप्रेशन मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या यादीतले, उरलेले सात प्रश्न विचारा. ते झोप, थकवा, भूक, अपराधीपणा, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा तगमग, आणि मरणाचे विचार यांबद्दल आहेत. ही प्रश्नावली मराठीत आहे. २७ पैकी १० किंवा वर बेरीज गेली तर उपचाराचा विचार करायचा, २० किंवा अधिक म्हणजे आजार तीव्र.

यात हमखास दोन ठिकाणी घोटाळा होतो. ‘मन लागतं का’ विचारले की बायका म्हणतात, ‘कामातून सवड कुठाय?’ तेव्हा ‘सवड मिळाली तर?’ असे पुन्हा विचारावे लागते. दुसरे म्हणजे सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना सगळ्यांचे सगळे ‘बरं’ असते. नातेवाइकाला मेडिकलमधून औषध आणायला पाठवा आणि तेवढ्यात विचारा.

नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या, प्रश्नाला शून्याशिवाय कुठलेही उत्तर आले तर बेरजेकडे पाहू नका, तिथेच थांबा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती निराधार आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. पायरीपायरीने जा. जीव नकोसा होतो का? मरण आलं तर बरं असं वाटतं का? स्वतःहून काही करावं असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का, त्याचं साधन घरात आहे का, पूर्वी कधी केलं होतं का? ठरवलेले असेल आणि साधनही हाताशी असेल तर त्या माणसाला त्याच दिवशी, सोबतीसह, मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायचे. एकटे घरी सोडायचे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या, २२,७४६. शेतकरी घरात फवारणीचे औषध माजघरातल्या फळीवर असते. ते आजच्या आज दुसऱ्याच्या घरी किंवा कुलपात ठेवा, हे नातेवाइकाला चिठ्ठीवर लिहून द्या. तीव्र इच्छेची वेळ अनेकदा थोडाच काळ टिकते आणि तेवढ्या वेळात विष हाती न लागणे यावर जीव वाचणे ठरते. गोळ्याही एका वेळी आठवड्याच्याच द्या आणि नातेवाइकाच्या ताब्यात द्या. अमिट्रिप्टिलिनच्या बाबतीत तर हे विशेष पाळा. डोकेदुखीसाठी ती सर्रास १० किंवा २५ मिलिग्रॅम दिली जाते. एवढ्याने डिप्रेशन हटत नाही, आणि महिन्याच्या पट्ट्या एकदम गिळल्या तर हृदयाची लय बिघडून माणूस जातो.

आता डिप्रेशन-चिंतेच्या औषधाबद्दल. ज्यांच्या नोंदणीत ही औषधे लिहिणे बसते त्यांच्यासाठी हा भाग आहे. इतरांनी ओळखून वेळेवर पाठवले तरी अर्धे काम झाले. आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन पाहून घ्या, पेशंट स्टेरॉइड घेतो का ते विचारा. साधारण प्रौढाला एसिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने १०, किंवा सर्ट्रालिन २५ ने सुरू करून ५०. साठीच्या पुढे एसिटालोप्रॅम १० च्या वर नेऊ नका, आणि म्हातारा माणूस महिनाभरात गोंधळल्यासारखा वागू लागला तर सोडियम तपासा. ट्रामाडॉल सोबत नको. यांच्यासोबत रोज दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खरी गफलत डोसात होत नाही, सांगण्यात होते. पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, डोकेदुखी, थोडी जास्तच बेचैनी येते. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज सहा आठवड्यांनी येतो. हे आधी सांगितले नाही तर पेशंट चौथ्या दिवशी ‘गोळी गरम पडली’ म्हणून बंद करतो आणि दुसऱ्या दवाखान्यात जातो. म्हणून पहिली फेरतपासणी आठवड्याने ठेवा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना तर आठवड्याने पाहायलाच हवे, कारण सुरुवातीच्या काळात त्यांच्यात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. पूर्ण बरे वाटल्यानंतर निदान सहा ते नऊ महिने तोच डोस चालू ठेवायचा आणि मग महिनाभरात पायरीने उतरवायचा. ‘बरं वाटलं, बंद केलं’ हे आजार उलटण्याचे सर्वांत साधे कारण आहे. एकदम बंद केले की चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखे होते आणि पेशंटला वाटते की गोळीची सवय लागली. या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही.

तलफ लागते ती अल्प्राझोलम आणि क्लोनाझेपामची, म्हणजे त्या ‘झोपेच्या’ गोळ्यांची. त्यांचा गुण पहिल्याच रात्री येतो, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. दोन-चार आठवड्यांच्या पुढे गेले की तेवढ्याच झोपेला जास्त गोळी लागते. वयस्क माणूस रात्री लघवीला उठताना पडतो, खुब्याचे हाड मोडते, विसराळूपणा वाढतो. वर्षभर घेणाऱ्याने अचानक थांबवले तर फिट येऊ शकते. ज्यांना लागली आहे त्यांना रागावून बंद करू नका. दर दोन आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा, सोसत असेल तर चौथा हिस्सा कमी करत न्या, म्हणजे काही महिने धरून चला. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे एच-१ यादीत आहेत. मेडिकलवाल्याने पेशंटचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. जुन्या चिठ्ठीवर दोन-दोन वर्षे माल देणारा दुकानदार तुमच्या गावात असेल तर त्याच्याशी तुम्हीच बोलू शकता, आमचे तो ऐकणार नाही.

आमचा विशेष राग आहे तो एसिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घातलेल्या जोडगोळीवर. एक औषध वर्षभर द्यायचे, दुसरे तीन आठवड्यांत काढायचे. दोन्ही एका गोळीत असतील तर ते करणार कसे? वेगवेगळी लिहा.

पॅनिकचा पेशंट तुम्हाला रात्री अकरा वाजता उठवतो. छातीत दाबतं, श्वास पुरत नाही, आता मरणार असं वाटतं. झटका दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि पाऊण तासात ओसरतो. पहिल्या वेळी ईसीजी काढायलाच हवा, चाळिशीच्या पुढे तर नक्कीच. पण पाचव्यांदा तोच ईसीजी काढून ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणण्याने त्रास वाढतो, कारण पेशंटला तर खरोखर होतंय. ‘याला पॅनिक म्हणतात, याने जीव जात नाही, याला औषध आहे’ ही तीन वाक्ये पुरतात. हात वीस-वीस वेळा धुणाऱ्या, कुलूप पुन्हापुन्हा पाहणाऱ्या पेशंटला हीच औषधे लागतात. मात्र डोस जास्त लागतो आणि दहा-बारा आठवडे थांबावे लागते. घरात ते सोवळे म्हणून खपून जाते, त्यामुळे विचारल्याशिवाय कळत नाही.

डिप्रेशनची गोळी लिहिण्याआधी एक प्रश्न नातेवाइकाला विचाराच. याआधी कधी असे आठ-पंधरा दिवस गेलेत का, की दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला, भलतेच मोठे बेत केले, अडवलं तर अंगावर धावला? उत्तर ‘हो’ असेल तर तो बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी असे उधाण येणारा आजार, असू शकतो. नुसती डिप्रेशनची गोळी देऊन त्याला मेनियात, म्हणजे त्या उधाणात, ढकलण्याचा धोका घेऊ नका, पाठवून द्या. पेशंट स्वतः ते दिवस आजार म्हणून सांगत नाही, त्याच्या मते ते चांगले दिवस असतात. गोळी सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कोणी ‘एकदम झकास’ झाला तर खूश होऊ नका.

बायपोलरचे अनेक पेशंट लिथियमवर असतात, आणि ताप, अंगदुखी, जुलाब यांसाठी ते तुमच्याकडेच येतात. पट्टीवर लिथियम दिसले की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन आणि आयब्युप्रोफेन बाजूला ठेवा, पॅरासिटामॉल द्या. ही दुखण्याची औषधे मूत्रपिंडातून लिथियम बाहेर टाकू देत नाहीत आणि रक्तातली पातळी वाढते. बीपीसाठी थायझाइड किंवा रॅमिप्रिलच्या जातीची गोळी नव्याने लावली तरी तेच होते. जुलाब-उलट्या, मे महिन्यातले शेतकाम, वारीतली चाल, निर्जळी उपवास, अचानक मीठ तोडणे यांनीही पातळी चढते. पातळी साधारण ०.६ ते १.० असावी. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचे, म्हणजे रात्री नऊची गोळी असेल तर सकाळी नऊला, सकाळची गोळी न घेता. हे न पाळल्याने निम्मे रिपोर्ट वाचता येत नाहीत. सोबत सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि टीएसएच. हात जोरात थरथरू लागले, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, उलट्या सुरू झाल्या तर ती विषबाधा समजून गोळी थांबवा आणि लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवा. आणि मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रीला व्हॅलप्रोएट चालू दिसले तर आम्हाला फोन करा, कारण त्याने गर्भाच्या मज्जारज्जूत दोष येतात आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच होते, दिवस गेल्याचे कळण्याआधी.

स्किझोफ्रेनिया आवाज ऐकू येण्यापासून सुरू होतो असे लोकांना वाटते. बहुधा त्याआधी कित्येक महिने कॉलेजातला मुलगा घुम्मा झालेला असतो, अंघोळ टाळतो, मित्र सोडतो, अभ्यासात घसरतो, मग ‘शेजारी माझ्याबद्दल बोलतात’ सुरू होते. घरचे आधी देवऋषीकडे जातात. तुम्ही त्यांची चेष्टा केलीत तर ते तुमच्याकडे यायचे थांबतील, तिकडे जायचे थांबणार नाहीत. ‘अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका’ असे सांगणारा डॉक्टर आम्हाला चालतो. मारणे, साखळीने बांधणे, उपाशी ठेवणे मात्र अजिबात खपवून घेऊ नका. राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे गुन्हा ठरवतो, आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आजारी माणसाला साखळदंड घालायला मनाई आहे.

पेशंटच्या नकळत चहातून औषधाचे थेंब द्यायला सांगणारे लोक भेटतील. किती पोटात गेले ते कळत नाही, आणि एकदा उघडकीला आले की पेशंट घरचे अन्नच सोडतो. औषध घेतच नसेल तर महिन्याच्या इंजेक्शनाचा पर्याय आहे, त्यासाठी पाठवा. हॅलोपेरिडॉलवर असलेला तरुण मान वाकडी, डोळे वर फिरलेले, जीभ बाहेर अशा अवस्थेत रात्री आला तर ती फिट नाही, धनुर्वात नाही आणि बाधा तर नाहीच. प्रोमेथाझिन २५ ते ५० मिलिग्रॅम स्नायूत द्या, बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. उलटीसाठीच्या मेटोक्लोप्रामाइडनेही हेच होते, हे तुम्ही पाहिलेले असेल. ओलांझापिनवर असलेल्यांचे वजन, कंबर, साखर आणि चरबी सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग वर्षाला पाहणे हे तुमच्याकडे जितके सोपे आहे तितके आमच्याकडे नाही.

दारूबद्दल एकच गोष्ट, पण ती जिवाची आहे. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली, मग कारण ताप असो, अपघात असो की घरच्यांनी कोंडलेले असो, तर सहा ते चोवीस तासांत हात कापतात, पुढच्या दीड-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम सुरू होतो. भिंतीवर किडे दिसतात, माणूस ओळखत नाही. हा मानसिक रुग्ण म्हणून आमच्याकडे पाठवायचा पेशंट नाही, याला बेडवर घ्यावे लागते. अशक्त दिसतो म्हणून लगेच ग्लुकोजची सलाईन लावू नका. आधी थायमिन, निदान १०० मिलिग्रॅम, शिरेतून किंवा स्नायूत. दारूने आधीच आटलेले बी-१ ग्लुकोज जाळताना संपते आणि मेंदूला इजा होते. डोळे थिजणे, तोल जाणे, गोंधळ यातून सुरुवात होते आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. साखर घसरलेली असेल तर ग्लुकोज द्यावेच लागते, तेव्हा थायमिन त्याच्यासोबत द्या. गोळीने भागवू नका, या अवस्थेत आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही.

बाळंतिणीचे रडू तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते आणि दोन आठवड्यांत जाते. त्यापुढे टिकले तर डिप्रेशन. पण पहिल्या पंधरवड्यात झोपच उडाली, असंबद्ध बोलू लागली, बाळ आपले नाही म्हणू लागली तर त्याच दिवशी दाखल करायचे आणि बाळ तिच्यापाशी एकटे ठेवायचे नाही. माहेरी असल्याने ‘नजर लागली’ म्हणून आठवडा जातो, तो जाऊ देऊ नका.

गोळ्यांशिवाय काय, असे तुम्ही विचाराल. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ संस्थेने तपासलेली एक पद्धत आहे, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ बैठका घेतल्या, आणि तीव्र डिप्रेशनचे रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक प्रमाणात सुधारले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात असेच काम झाले, तेव्हा डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. पद्धतीचा गाभा सोपा आहे. मन लागेल तेव्हा काम करू, ही वाट पाहणे सोडायचे आणि आधी ठरलेले छोटे काम करायचे. तुमच्या नर्सने पेशंटसोबत बसून आठवड्याची दोन कामे ठरवायची, दिवस आणि वेळेसकट. मंगळवारी सकाळी सातला बांधापर्यंत चालून येणे, गुरुवारी बहिणीला फोन. पुढच्या वेळी झाले का ते विचारायचे. नाही झाले तर काम अर्धे करायचे. ‘सकारात्मक राहा’ असा उपदेश यात नाही, आणि तो देऊही नये. डिप्रेशनच्या माणसाला तो स्वतःच्या नालायकीचा आणखी एक पुरावा वाटतो.

पेशंटला टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला पोलिसांची भीती असते. २०१७ च्या कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असेच गृहीत धरायचे आहे, त्यामुळे उपचार लांबवायचे कारण नाही. त्याच कायद्यानुसार तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी, नामनिर्देशित प्रतिनिधी (पेशंटच्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेली व्यक्ती) उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत आवश्यक उपचार देऊ शकतो. तुम्हीही.

पाठवताना चिठ्ठीवर ‘मानसोपचारतज्ज्ञास दाखवणे’ एवढेच नको. त्रास कधीपासून, पीएचक्यू-९ ची बेरीज, नवव्या प्रश्नाचे उत्तर, दिलेली औषधे डोस आणि तारखांसह, दारू-तंबाखू, टीएसएच आणि साखरेचे आकडे, घरात आजार कोणाला, सोबत कोण राहते आणि तुमचा मोबाइल नंबर. आमच्याकडून परत येणाऱ्या कागदावर निदान, औषध किती महिने द्यायचे आणि कोणती तपासणी कधी करायची, हे लिहिलेले असले पाहिजे. ते नसेल तर पेशंटच्या हाती तोच कागद परत पाठवा आणि लिहून मागा.

आपले,
मानसोपचार विभागांत आणि समुपदेशन केंद्रांत काम करणारे आम्ही काहीजण